माहेरी गेलेली किल्ली

इरा आणि निषाद,

गेल्या रविवारी बोलता बोलता निषादनं विचारलं, "आजी, आबांच्या फोनचा पासवर्ड कुणाकडे आहे? त्यात फोटो असतील." मी म्हटलं, सांगते नंतर, आणि फोन ठेवला. आजीला रडू आलं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. मला उत्तर ठाऊक होतं आणि त्या उत्तराचाच राग आला होता. आता तो थोडा उतरला आहे, म्हणून लिहायला बसले.

आबांना जाऊन अजून महिनाही झालेला नाही. 'ते असे होते, ते तसे होते' असं त्यांच्याविषयी लिहायला गेले की हात अडतो. म्हणून मी त्यांच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका. तुम्हाला कळणार नाही तिथे मी थांबून सांगेन, आणि मराठी अडलं तर आईला विचारा.

तर, ऐकताय ना?

तुमचा मफलर अजून खुंटीवरच आहे. धुवायला टाकायचा म्हणून दोनदा काढला आणि परत लावला. बाकी सगळं जागच्या जागी आहे. यावर तुम्ही म्हणाला असता, "तुह्या घरात जागच्या बाहेर मीच एकटा होतो." खरं आहे.

आपण दोघं एकाच कंपनीत होतो, हे या मुलांना अर्धवटच ठाऊक आहे. यवतमाळच्या वेशीवरची ती जिनिंग-प्रेसिंगची कंपनी. कापूस घ्यायचा, सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या, सरकीचं तेल काढायचं. तुम्ही प्रतवारी विभागाचे प्रमुख. फुलसावंगीकडचे, शेतकऱ्याचे, कापूस हातात न घेताही त्याचा वास ओळखणारे. मी यवतमाळची, कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाची मुलगी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आणि ऑफिसात आस्थापना सांभाळणारी. घरी तुम्ही मला 'तू' म्हणायचात आणि ऑफिसात 'मॅडम'. त्या 'मॅडम'मध्ये जी थट्टा असायची ती फक्त मलाच ऐकू यायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, पाऊस ऐन वेळी पाठ फिरवणारा, बोंडात अळी. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावाहून वाईट बातमी यायची, मग बाहेरगावची माणसं गाड्या भरून यायची, प्रश्न विचारून, फोटो काढून निघून जायची. तुमचं काम तेव्हा फार जड झालं होतं. समोर बैलांची बंडी उभी, बंडीवर तिचा धनी. तुम्ही मूठभर कापूस घ्यायचात, चिमटीत धागा ओढून पाहायचात, ओल पाहायचात, आणि त्या माणसाच्या तोंडावर सांगायचात की ही पहिली प्रत, ही दुसरी, ही नुसती कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तुमच्या एका शब्दावर त्याचं वर्ष ठरायचं. घरी आलात की तुम्ही हात बराच वेळ धुवायचात. मी कधी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अशातच मालकांनी सर्व्हर आणला. बाहेरच्या व्यापाऱ्यांना प्रत्येक गाठीची नोंद हवी होती.

मुलांनो, इथे थांबते. आजच्यासारखी सगळं हवेत ठेवायची सोय तेव्हा नव्हती. एका थंड खोलीत एक मोठा संगणक होता आणि प्रत्येक विभागाचा संगणक तारेनं त्याला जोडलेला होता. समजा, एक मोठं कपाट आणि प्रत्येक विभागाला त्यातला एक खण. कुणाला कुठला खण उघडेल, उघडला तर नुसतं वाचता येईल, लिहिता येईल की आतलं काढूनही टाकता येईल, हे ठरवायला एक माणूस लागतं. ते माणूस मी. नागपूरहून आलेल्या इंजिनिअरनं ऑफिसातली सगळी कपाटं उघडून पाहिली आणि माझं पाहिल्यावर म्हणाला, "यांनाच द्या."

मी ते काम आनंदानं घेतलं. जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पेपर पसरून कंपनीचा नकाशा काढायला बसले. खरेदी, प्रतवारी, जिनिंग, तेल, विक्री, हिशेब, आस्थापना. प्रत्येकाची चौकट, चौकटींमध्ये बाण, बाणांवर वाचणे किंवा लिहिणे. तुम्ही पलीकडे तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतात.

"याच्यात मी कुठी हाय?"

"इथे. प्रतवारी. वाचणे, लिहिणे."

"अन् माह्या खणात कोणाले घ्याचं, थे कोण ठरवीन?"

"मी."

"काहून?"

"सगळ्यांसाठी मीच ठरवणार आहे. एका हातात असलं की गोंधळ होत नाही."

"बाप्पा! घरी बी तुले इचारा, हापिसात बी तुले इचारा. माणसानं जावं कुठी?"

हे वाक्य तुम्हाला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही ते ऑफिसभर सांगितलंत. हिशेब विभागाचे वामनराव, तुमचे जिवलग, रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. "वहिनी, साहेबांनी डबा उघडला तर चालेल ना? नुसतं वाचायची परवानगी आहे की खायचीही?"

पण तुम्ही थट्टेवर थांबला नाहीत. त्याच टेबलावर, त्याच कागदाच्या कडेला शेंगांची टरफलं रचत तुम्ही तुमच्या आईंची गोष्ट काढलीत. गावच्या घरात सुना आम्ही तिघी. आईंनी थोरल्या वहिनींना धान्याच्या खोलीची किल्ली दिली होती, मधल्या वहिनींना दूधदुभत्याच्या फडताळाची, आणि मी शहरातली, शिकलेली, म्हणून मला कागदांच्या पेटीची.

"जिची किल्ली तिनं ठरवाचं, आत कोणाले घ्याचं अन् कोणाले नाही. माय इचारे बी नाही. भांडण झालं का कधी?"

"आणि थोरल्या वहिनी किल्ली कमरेला लावून माहेरी निघून गेल्या, ते विसरलात? दारात पाहुणे, आणि धान्याच्या खोलीला कुलूप. कडी उखडून काढावी लागली होती."

तुम्ही इतके हसलात की शेंगांचं ताट हललं. "थे कडी अजून तशीच लोंबकळून राह्यली."

"म्हणूनच म्हणते, किल्ली एकच असावी आणि एका जबाबदार माणसाकडे असावी."

"अन् थे जबाबदार माणूस गेलं मायेरले तर?"

मी म्हटलं, तुरी नीट सोला, किडके दाणे निघतायत.

मुक्ताचे दिवस संक्रांतीनंतरचे होते. इरा, तुझ्या आईचं ते पहिलं बाळंतपण. तोवर सगळे खण बसवून होतील, मग मी निवांत पुण्याला जाईन, असं मी ठरवलं होतं. माझ्या ठरवण्याकडे तू काही लक्ष दिलं नाहीस. कंपनीच्या दारात कापसाच्या गाड्यांची सगळ्यात लांब रांग असलेल्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. डॉक्टर म्हणतायत, लवकर होईल, आई, तू ये.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, सीझन आहे. तुम्ही गेलात तर सर्व्हर कोण पाहणार?" मी तुमच्याकडे पाहिलं. माझी एकुलती एक लेक पहिल्यांदा बाळंत होणार, आणि मी एका थंड खोलीतल्या कपाटापायी तिच्याजवळ नसणार. हे सगळं मीच, इतक्या नीटनेटकेपणानं, घडवून आणलं होतं. 'मी सांगतलं होतं' असं तुम्ही म्हणाला असता तर मी थांबलेही असते, रागानं. तुम्ही म्हणालात, "तू जाय. पंधरा-वीस दिवसांत कोण नवीन येऊन राह्यलं खणात?"

संध्याकाळी ट्रॅव्हल्सपाशी तुम्ही डबा घेऊन आलात. पोळ्या तुम्हीच केल्या होत्या, त्या कोणत्या देशाच्या नकाशासारख्या होत्या हे आता सांगत नाही. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणालात, "चालली व तू बी, किल्ली कमरेले लावून?"

इरा, तू सुखरूप आलीस. तुझी आई सुखरूप राहिली. मी तिच्या उशाशी होते. आणि तिकडे प्रतवारीतला तुमचा सहायक गजानन काविळीनं आडवा झाला.

ढाणकीच्या खरेदी केंद्रावरून दुसरा प्रतवारीकार बोलावला. पण संगणकाला तो ठाऊक नव्हता. प्रत कुणी लावली त्याचं नाव चढल्याशिवाय वजनकाट्यावरची चिठ्ठी निघायची नाही, असं मीच बसवून ठेवलं होतं. नवा माणूस कापूस पाहायचा, पण लिहू शकायचा नाही. गजाननच्या नावानं लिहून मोकळं व्हावं असं सगळ्यांनी सुचवलं. तुम्ही ऐकलं नाहीत. "ज्यानं सांगतली त्याचंच नाव लागन. उद्या कोणी इचारलं तर बिमार माणूस सांगीन काय?" मग तुम्ही एकटे पाहत राहिलात, एकटे लिहीत राहिलात, आणि रांग सडकेपर्यंत गेली. लोक बंडीखाली गोणपाट अंथरून बसले.

जावयाच्या मोबाइलवर आधी वामनरावांचा फोन आला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते.

"वहिनी, आधी अभिनंदन. आता तेवढा पासवर्ड सांगा, म्हणजे मी करून टाकतो."

मी सांगणारच होते. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला.

"देऊ नोको! वामन्या, आण इकडं थो फोन." मग माझ्याशी, "हे पाय, मले तुही किल्ली नोको. तुही किल्ली हातात आली का कोणाच्या बी खणातलं काही हललं तर लोकं माह्याकडं पाह्यतीन. मले माही दे."

"तुमची द्यायची तर माझीच लावावी लागते."

"म्हंजे?"

"म्हणजे माझ्या किल्लीनं उघडून मग तुमची बनवायची."

"असं कसं बनवलं हे?"

"असंच असतं."

"मंग सांग. पण आल्याबरोबर बदलवजो. वामन्या, भिताडाकडं तोंड कर."

वामनराव, म्हणजे अख्ख्या कंपनीचा हिशेब ज्यांच्या हातात तो माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हे त्यांनी पुढे अनेक वर्षं लोकांना अभिमानानं सांगितलं. त्या थंड खोलीत तुम्ही मफलर गुंडाळून एका बोटानं टाइप करत होतात आणि मी इकडे एकेक अक्षर हळू आवाजात सांगत होते. आर. यू. के. एच. प्रत्येक अक्षरानंतर तुम्ही म्हणायचात, "सापडला." मध्येच तुमचं बोट थांबलं.

"हे तर मायचं नाव हाय."

"हो."

"तू तर म्हणे मायची पद्धत बराबर नाही."

"पद्धत बरोबर नाहीच. पण किल्ल्या त्यांच्याच हातात शोभायच्या, ते वेगळं."

आईंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मग म्हणालात, "पुढचं सांग." मी उरलेली अक्षरं आणि आकडे सांगितले. पुढे कुठे दाबायचं, काय निवडायचं, ते सांगत गेले. शेवटी प्रतवारीचा खण प्रतवारी विभागाच्या प्रमुखाच्या ताब्यात गेला. आता त्यात कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं, ते माझ्याशिवाय तुम्ही ठरवू शकत होता. पहिला माणूस घेतलात तो ढाणकीचा. बाहेर वजनकाटा सुरू झाल्याचं वामनरावांनी भिंतीकडूनच ओरडून सांगितलं.

मग तुम्ही विचारलंत, "आता सांग. पोरगी कशी हाय?"

"छान आहे. कपाळ तुमच्यासारखं."

"धागा लांब हाय का?"

"चांगला लांब आहे."

"मंग लिव. पहिली प्रत."

इरा, या जगात तुझी पहिली नोंद अशी झाली, आणि ती ज्यानं सांगितली त्याच्याच नावावर आहे.

मी पुण्यात सव्वा महिना पुरा राहिले. मुक्ताला शेक-शेगडी, मेथी-डिंकाचे लाडू, तुझी अंघोळ, सगळं केलं. कंपनीतून परत फोन आला नाही. खरं सांगू? शेवटी शेवटी मला ते थोडं लागलंही.

परत आल्यावर मी पासवर्ड बदलला आणि नवा ड्रॉइंग पेपर घेतला. प्रत्येक विभागाचा खण त्याच्या प्रमुखाच्या ताब्यात दिला. माझ्याकडे ठेवलं ते एवढंच की कुठल्या खणात कोण कोण आहे, हे मला कधीही पाहता यावं. तुम्ही म्हणालात, "हे बी कायले पाह्यजे?" आणि पहिल्याच पाहणीत ते कायले पाहिजे होतं हे दिसलं. तुमच्या खणात गजानन होता, ढाणकीवाला होता, वजनकाट्यावरचे होते, फाटकावरचा चौकीदार होता, आणि कॅन्टीन चालवणारी बाई होती. सगळ्यांना लिहायची परवानगी.

"कॅन्टीनची बाई प्रतवारीत काय करते?"

"तिले पाहाले पाह्यजे ना, सकायपासून किती गाड्या आल्या. चहा किती टाकाचा मंग?"

"मग वाचायला द्या. लिहायला कशाला?"

"अव, माणूस घरात घेतला अन् त्याले म्हणाचं बस, पण हात बांधून बस? असं कुठी असते?"

"सगळीकडे असतं!"

"आमच्याकडं नसते."

यावर आपण किती भांडलो. वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. कॅन्टीनच्या बाईचं नाव मी सांगून सांगून वाचणाऱ्यांत घालायला लावलं. तिनं मला महिनाभर गार चहा दिला. या वादात मी बरोबर होते. तुम्ही इथे नाही म्हणून माघार घेणार नाही.

पण दुसरं एक आहे, ज्याविषयी मी तुमच्याशी कधीच बोलले नाही.

त्याच सीझनच्या शेवटी रुईचा भाव आणखी पडला. विक्रीचे साहेब माझ्या टेबलाशी आले. बरेच शेतकरी माल घालून गावी गेले होते, त्यांचे पैसे द्यायचे बाकी होते. साहेब अगदी गोड बोलत होते. "मॅडम, प्रतवारीचा खण आमच्या विभागाला लिहायला उघडून द्या. काही प्रती जरा सुधारायच्या आहेत." सुधारायच्या म्हणजे खाली आणायच्या, हे न सांगता कळत होतं.

मी म्हटलं, "तो खण माझ्याकडे नाही. प्रतवारीप्रमुखांना विचारा."

हे खरंच होतं. नियमानं खरं, कागदावर खरं. ते तुमच्याकडे आले. मी काचेतून पाहत होते. तुम्ही कापसाच्या ढिगाशी उभे होतात, हातातला फाया टाकला नाहीत.

"ज्याले सांगतलं थो तर गावाले गेला. त्याले बोलवा. मी त्याच्या समोर पुन्हा पाहतो. थोडी कमी निंगाली तर कमी लिवीन. त्याच्या माघारी नाही."

खण उघडला नाही. प्रती जशा होत्या तशाच राहिल्या. पुढच्या सीझनला तुमच्या नावचा बदलीचा हुकूम निघाला, ढाणकीच्या केंद्रावर. घर सोडून, बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत, रविवारी जमलं तर यवतमाळ. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक सीझन तिथेच. हुकूम वाचून तुम्ही म्हणालात, "चला, मी बी मायेरले चाललो." फुलसावंगी तिथून जवळ, एवढाच त्यातला विनोद. मी तुमची बॅग भरली. स्वेटर, मफलर, पोळ्यांचा डबा. या खेपेला पोळ्या मी केल्या होत्या.

ती बॅग भरताना जे बोलायचं राहिलं ते हे. किल्ली माझ्या हातात राहिली असती तर विक्रीच्या साहेबांना 'नाही' मला म्हणावं लागलं असतं. मी म्हटलं असतं का? मला वाटतं, म्हटलं असतं. पण मला ते कधी करून पाहावंच लागलं नाही, कारण तुम्ही किल्ली मागून घेतली होती. खण वाटून दिले की काम सोपं होतं, हे मी पुण्याच्या त्या फोनवर शिकले. खणाबरोबर ओझंही वाटलं जातं, आणि ते सारखं वाटलं जात नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं. एकदा ढाणकीहून आलात तेव्हा पाय दाबत तुम्ही म्हणाला होतात, "किल्ली म्हंजे मान नाही व, वजन हाय. मायची कंबर दुखे, म्हणून तिनं तिघींले वाटल्या." मी हसले होते. मी हसायला नको होतं असं नाही, तुम्ही हसवायलाच बोलला होतात. पण हसून झाल्यावर 'तुमची कंबर कशी आहे' असं विचारता आलं असतं.

आणि एक. नवा पासवर्ड काय ठेवला, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. 'बदलवला ना?' एवढंच विचारलंत, आणि मी हो म्हटलं. आता ते कपाट भंगारात गेलं, कंपनी बंद होऊन तिथे मंगल कार्यालय झालं, तेव्हा सांगायला हरकत नाही. तुमचं नाव होतं ते.

मुलांनो, आमच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यावं लागे, तेवढंच. या पत्रातही मी ते लिहिलेलं नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. पण कंपनीत होते तोवर रोज सकाळी त्या थंड खोलीत बसून, इंग्रजी अक्षरांत, मी ते बोटांनी घेत होते. कुणाला कळलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही ढाणकीला होतात तेव्हा तर मी ते जरा सावकाश टाइप करायची.

आता निषादच्या प्रश्नाकडे येते.

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळपासून माणसं यायला लागली. शेजारच्या नलूताई आल्या आणि त्यांनी टेबलावर या घराच्या मागच्या दाराची किल्ली ठेवली. "भाऊंनी दिली होती. तुम्ही पुण्याला गेलात की झाडांना पाणी घालायची मी." मग नळाचं काम करणारा सलीम आला, पाण्याच्या मोटारीच्या पेटीची किल्ली घेऊन. मग गल्लीतली ती कॉलेजात जाणारी अश्विनी, पुस्तकांच्या कपाटाची. ती किल्ली हरवली म्हणून मी कुलूपवाल्याला बोलावलं होतं, तेव्हा तुम्ही समोर बसून चहा पीत होतात! एक शब्द बोलला नाहीत!

मी सगळ्या किल्ल्या एका कड्यात ओवल्या. कमरेला लावल्या. घरभर त्यांचा आवाज यायला लागला.

आणि मग शेवंताबाई, दूध घालणारी. तुमचा फोन मी टेबलावर ठेवला होता, बंद, कारण त्याचं कुलूप मला उघडत नव्हतं. ती म्हणाली, "बाई, साहेबाचा फोन हाय का? मले लेकीले लावाचा होता." मी म्हटलं, तो उघडत नाही गं. तिनं पदराला हात पुसले, फोन सुरू केला, काचेवर बोटानं एक रेघ ओढली, आणि तुमचा फोन उघडला.

"तुला कसं ठाऊक?"

"साहेबानंच शिकोलं. दूध टाकलं का रोज लेकीशी बोलत जाय म्हणे. मी इतके दिस आली नाही विचाराले, तुमच्याकडं दुखवटा." मग माझ्याकडे पाहून ती कानकोंडी झाली. "तुम्हाले नोती सांगतली का?"

नव्हती. त्या दिवशी मी जेवले नाही. माझ्या नवऱ्याच्या फोनची किल्ली दूधवालीकडे आणि माझ्याकडे नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक असलेल्या गोष्टी मला ठाऊक नाहीत. मला ज्याचा राग आला होता ते हेच, निषाद. मी तुमच्या खुर्चीसमोर बसून भांडले. आणि तुम्ही काय म्हणाला असता हे मला शब्द न शब्द ऐकू आलं. "तू कधी इचारलंच नाही व."

नाही विचारलं. कधीही विचारता येईल, असं धरून चालले होते.

दोन दिवस कमरेला तो जुडगा घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी मागच्या झाडांकडे गेले तर जास्वंद माना टाकून उभी. नलूताई कुंपणापलीकडे होत्या. पाण्याची झारी त्यांच्या हातात होती आणि दार माझ्या बाजूनं बंद होतं. कुंपणावरून वाकून त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तेव्हा येईन." मी तिथेच कड्यातून किल्ली काढून त्यांना दिली. मग सलीमला बोलावलं. मग अश्विनीला. तिला सांगितलं, पुस्तकं ने, पण नेलेलं लिहून ठेव. ती म्हणाली, "आबा तर कधी लिवाले लावत नव्हते." मी म्हटलं, आबांचं आणि माझं या बाबतीत कधी पटलं नाही.

कुणाकडे काय आहे ते मी कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावलं आहे. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. किल्ल्या वाटाव्यात, हे मला पटलं. पण कुठली किल्ली कुठे आहे ते एका माणसाला ठाऊक असावं, हे मी सोडणार नाही. तुमच्या बाजूनं उत्तर असेल तर कळवा.

इरा, निषाद, फोटो पाठवते. बरेचसे हललेले आहेत, काहींत आबांचा अंगठाच आहे. इरा, तुझे फार आहेत. रेघ कशी ओढायची ते शेवंताबाई शिकवते म्हणाली; मी म्हटलं, असू दे, तू येतेसच ना.

मागच्या दाराची किल्ली नलूताईंकडे आहे, मोटारीची सलीमकडे, पुस्तकांची अश्विनीकडे. फोन रोज सकाळी शेवंताबाई उघडते, तिच्या लेकीशी बोलते, आणि मग माझ्या हातात देते.